कोर्टात चंद्राची साक्ष

खुनाच्या खटल्यात आरोपीचा वकील सहसा काय करतो? गुन्ह्याच्या वेळी आरोपी दुसरीकडे होता असे सांगणारे लोक उभे करतो, डॉक्टरला बोलावतो, विरुद्ध बाजूच्या साक्षीदाराला उलटतपासणीत गोंधळात पाडतो. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १८५८ साली एका वकिलाने मात्र भर कोर्टात एक छापील पुस्तक उघडून चंद्रालाच साक्षीला बोलावले. हे पुस्तक म्हणजे अल्मनॅक. आपल्या पंचांगाप्रमाणे त्यात सूर्य-चंद्राच्या उदयास्ताच्या वेळा वर्षभर आधी गणित करून दिलेल्या असतात. त्या वकिलाचे नाव अब्राहम लिंकन. पुढे तीनच वर्षांत ते अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले.

ही गोष्ट तुमच्यापैकी काहींनी वाचली असेल. लिंकनच्या चरित्रांत ती असते आणि १९३९ सालच्या एका प्रसिद्ध चित्रपटातही ती बऱ्याच बदलांसह आली आहे. परंतु चतुर वकिलाची कथा म्हणून ती सांगितली जाते तेव्हा तिच्यातील खगोलशास्त्राचा भाग नेमका गळून जातो. आज आपण तोच भाग पाहू.

आधी प्रकरण थोडक्यात सांगतो. २९ ऑगस्ट १८५७ च्या रात्री मेसन काउंटीत उघड्यावर धार्मिक मेळावा भरला होता. मेळाव्याच्या जवळच दारू विकणाऱ्यांच्या गाड्या उभ्या होत्या. तिथे भांडण झाले, जेम्स मेट्झकर नावाच्या माणसाला डोक्यावर जबर मार लागला आणि थोड्याच दिवसांत तो मरण पावला. दोघांवर आरोप ठेवण्यात आला. जेम्स नॉरिसने मागून दांडक्याने मारले, आणि विल्यम आर्मस्ट्राँगने (त्याला सारे ‘डफ’ म्हणत) समोरून चामडी पट्टीला बांधलेल्या धातूच्या गोळ्याने. नॉरिसचा खटला आधी चालला आणि त्याला सदोष मनुष्यवधाबद्दल आठ वर्षांची शिक्षा झाली. डफचा खटला बियर्ड्सटाउन गावी हलवण्यात आला.

डफचे वडील जॅक आर्मस्ट्राँग हे लिंकनचे तरुणपणातील मित्र. १८३१ साली न्यू सेलम गावात या दोघांची कुस्ती झाली आणि तिथूनच मैत्री जमली. जॅकच्या पत्नी हॅना यांच्या घरी लिंकन कितीदा तरी जेवले होते. आता जॅक वारले होते आणि हॅनाबाईंचा मुलगा तुरुंगात होता. लिंकननी वकीलपत्र घेतले आणि फी घेतली नाही.

७ मे १८५८ रोजी खटला उभा राहिला. सरकार पक्षाचा मुख्य साक्षीदार चार्ल्स ॲलन. आपण सुमारे १५० फुटांवरून सारे पाहिले, असे त्याने शपथेवर सांगितले. दीडशे फूट म्हणजे क्रिकेटच्या सव्वादोन खेळपट्ट्या. रात्रीचे अकरा वाजले होते. इतक्या रात्री, इतक्या दुरून कसे दिसले? चंद्र चांगला वर होता, लख्ख चांदणे होते, असे त्याचे उत्तर. लिंकननी हाच प्रश्न शब्द बदलून पुन्हा पुन्हा विचारला. साक्षीदार दर वेळी तेच सांगत राहिला आणि स्वतःच्या उत्तराला अधिकाधिक बांधला गेला. मग लिंकननी अल्मनॅक पुढे केले. त्या रात्री अकरा वाजता चंद्र वर नव्हता. तो मावळतीला टेकला होता आणि सुमारे तासाभरात मावळणार होता. ज्यूरीतील पंचांनी ते पान पाहिले. त्यांनी डफला निर्दोष ठरवले.

कित्येक पुस्तकांत ‘त्या रात्री चंद्र उगवलाच नव्हता’ किंवा ‘तेव्हा अमावास्या होती’ असे लिहिलेले आढळते. ते चूक आहे. चंद्र होता, आणि त्याचा जवळजवळ पाऊण भाग उजळलेला होता.

आता खरी गंमत पाहा. निकालानंतर लोकांत कुजबूज सुरू झाली की लिंकननी लबाडी केली, दुसऱ्याच वर्षाचे अल्मनॅक दाखवले किंवा छापलेले आकडे बदलले. ही कुजबूज कित्येक वर्षे टिकली. ती निव्वळ द्वेषातून आली होती असे म्हणता येणार नाही. तिच्यामागे एक सरळ तर्क होता आणि तो तुम्हीही करू शकाल.

अष्टमीचा अर्धा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास आकाशाच्या मध्यावर असतो आणि मध्यरात्रीच्या आसपास मावळतो. त्यानंतर दर दिवशी तो साधारण ५० मिनिटे उशिरा मावळतो. २९ ऑगस्ट १८५७ ची रात्र म्हणजे अष्टमीनंतरची, आपल्या हिशेबाने शुक्ल पक्षातील दशमीच्या सुमाराची. मग चंद्र मध्यरात्रीनंतर दीड-दोन तासांनी मावळायला हवा आणि अकरा वाजता तो क्षितिजापासून बराच वर असायला हवा. शेतात वाढलेल्या, चंद्र पाहून वेळ ओळखणाऱ्या माणसांना लिंकनचे पान खोटे वाटले, यात नवल काय?

१९९० साली टेक्सासमधील डोनाल्ड ओल्सन आणि रसेल डोशर या दोघांनी त्या रात्रीचे गणित नव्याने केले आणि ‘स्काय अँड टेलिस्कोप’ या मासिकात मांडले. त्यांच्या गणिताप्रमाणे चंद्र रात्री ७ वाजून ४४ मिनिटांनी याम्योत्तरवृत्तावर, म्हणजे त्या रात्रीच्या आपल्या सर्वांत उंच जागी होता आणि १२ वाजून ४ मिनिटांनी मावळला. या वेळा तेथील स्थानिक वेळेच्या आहेत. अमेरिकेत प्रमाणवेळ १८८३ साली आली, तोवर प्रत्येक गावाचे घड्याळ त्या गावच्या सूर्यावर चाले.

म्हणजे सर्वांत उंच जागेवरून क्षितिजापर्यंत यायला चंद्राला फक्त ४ तास २० मिनिटे लागली. एरवी यासाठी सहा तासांहून अधिक वेळ लागतो. हे दोन तास गेले कुठे?

याचे उत्तर सूर्याच्या उदाहरणाने चटकन कळते. डिसेंबरात दिवस लहान का होतो? सूर्य खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे २३.४ अंश गेलेला असतो, त्यामुळे आकाशातील त्याची कमान ठेंगणी आणि आखूड होते. पुण्यात सर्वांत लहान दिवस सुमारे ११ तासांचा असतो. बियर्ड्सटाउन ४० अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि तिथे हाच दिवस जेमतेम सव्वानऊ-साडेनऊ तासांचा असतो. चंद्रालाही हाच नियम लागू आहे. फरक इतकाच की सूर्य जी उत्तर-दक्षिण फेरी वर्षभरात करतो ती चंद्र एका महिन्यात उरकतो.

भाद्रपदातील दशमीच्या सुमाराचा चंद्र असतो कुठे? हे तुमच्या आजीला विचारा. गौरी अनुराधा नक्षत्रावर बसतात, ज्येष्ठा नक्षत्रावर जेवतात आणि मूळ नक्षत्रावर त्यांचे विसर्जन होते. नक्षत्र म्हणजे त्या दिवशीची चंद्राची जागा. मूळ नक्षत्र वृश्चिकाच्या शेपटीजवळ आहे आणि तिथून धनु राशीपर्यंतचा भाग हा चंद्राच्या मार्गातील सर्वांत दक्षिणेकडचा पट्टा. त्या रात्री इलिनॉयवर जो चंद्र होता तो गौरी विसर्जनाच्या सुमाराचा चंद्र होता! तो दक्षिणेला असणारच.

पण एवढ्याने भागत नाही. चंद्राची कक्षा सूर्याच्या भासमान मार्गाशी, म्हणजे क्रांतिवृत्ताशी, सुमारे ५.१ अंशांचा कोन करते. हे दोन मार्ग जिथे छेदतात त्या बिंदूंना आपले ज्योतिर्विद राहू आणि केतू म्हणत आले आहेत. (ते ग्रह नाहीत. आकाशात राहू शोधू लागाल तर काहीच सापडणार नाही.) हे पातबिंदू स्थिर नसून मागे मागे सरकतात आणि १८.६ वर्षांत एक फेरी पूर्ण करतात. त्यामुळे काही वर्षी चंद्राचे ५.१ अंश सूर्याच्या २३.४ अंशांत मिळवले जातात आणि चंद्र २८.५ अंश दक्षिणेपर्यंत जातो. त्यानंतर सुमारे नऊ वर्षांनी तेच ५.१ अंश वजा होतात आणि चंद्र १८.३ अंशांवरूनच परततो. १८५७ हे बेरजेचे वर्ष होते.

गणित करून पाहू. दहावीच्या विद्यार्थ्यांना त्रिकोणमितीच्या तक्त्यावरून ते जमेल. स्थळाच्या अक्षांशाची स्पर्शज्या आणि चंद्राच्या दक्षिण क्रांतीची स्पर्शज्या यांचा गुणाकार करा. ज्या कोनाची कोज्या या गुणाकाराइतकी असेल, तितके अंश चंद्र मध्यापासून क्षितिजापर्यंत फिरतो. ४० अंशांची स्पर्शज्या ०.८३९, २८.५ अंशांची ०.५४३, गुणाकार ०.४५६. ही ६२.९ अंशांची कोज्या. चंद्र स्वतःही पूर्वेकडे सरकत असल्याने त्याची फेरी २४ तास ५० मिनिटांची असते, म्हणून एका अंशाला ४.१४ मिनिटे धरा. उत्तर येते २६० मिनिटे, म्हणजे ४ तास २० मिनिटे. ७.४४ मध्ये मिळवा : १२ वाजून ४ मिनिटे!

आता हेच चंद्र विषुववृत्तावर असता तर काय झाले असते ते काढा. कोन ९० अंश, वेळ ६ तास १३ मिनिटे, चंद्रास्त १ वाजून ५७ मिनिटांनी. कुजबूज करणाऱ्यांच्या मनात हीच वेळ होती. आणि वजाबाकीचे वर्ष असते, चंद्र १८.३ अंशांवर असता, तर तो सुमारे १२ वाजून ५० मिनिटांनी मावळला असता. लिंकनचा मुद्दा तेव्हा बराच लंगडा पडला असता.

अक्षांशाचेही महत्त्व विसरू नका. हाच चंद्र, याच क्रांतीचा, पुण्याच्या १८.५ अंश अक्षांशावर घ्या. मध्यावरून क्षितिजाला यायला त्याला ५ तास २९ मिनिटे लागतील. म्हणजे पुण्याच्या आकाशात तो तासाभराहून अधिक काळ जास्त राहील.

रात्री अकरा वाजता बियर्ड्सटाउनच्या परिसरात चंद्र क्षितिजापासून फक्त ८ अंशांच्या आसपास, नैर्ऋत्येला होता. हात लांब करून मूठ धरा. मुठीची रुंदी साधारण १० अंश भरते. म्हणजे मूठभरही उंची नाही. सायंकाळी तो सर्वांत उंच होता तेव्हाही जेमतेम २१-२२ अंशांवर होता. त्या रात्री तो कोणत्याच क्षणी ‘चांगला वर’ नव्हता.

शिवाय चांदण्याचा हिशेब आहे. अर्धा चंद्र पौर्णिमेच्या निम्मा उजेड देतो असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात तो सुमारे दशांशच देतो, कारण तिरप्या उन्हात चंद्रावरचे डोंगर-खड्डे आपल्याच सावल्यांनी भरून जातात. पाऊण चंद्र पौर्णिमेच्या सुमारे पाचव्या हिश्श्याइतका उजेड देतो. ८ अंशांवरून येणारा प्रकाश डोक्यावरून येणाऱ्या प्रकाशाच्या जवळजवळ सातपट जाडीची हवा भेदून येतो, त्यात आणखी तीनचतुर्थांश तरी उजेड गळतो. उरतो तो पौर्णिमेच्या डोक्यावरच्या चांदण्याचा साधारण विसावा भाग, आणि त्यात झाडांच्या लांबलचक सावल्या. अशा उजेडात दीडशे फुटांवर माणसाची आकृती हलताना दिसेलही. कोणाच्या हातात काय होते हे दिसणे मला अशक्यप्राय वाटते.

पण मग चंद्राने डफचे निर्दोषत्व सिद्ध केले काय? मुळीच नाही. अल्मनॅकने एवढेच दाखवले की साक्षीदार सांगतो तसे चांदणे नव्हते. डफने मारले की नाही याबद्दल चंद्र काहीच सांगत नाही. खटल्यात आणखीही पुरावा होता. पुरावा म्हणून दाखवलेला तो गोळा आपला आहे, असे दुसऱ्याच एका माणसाने साक्षीत सांगितले. मागून बसलेल्या तडाख्यानेही कवटीला पुढच्या बाजूस इजा होऊ शकते, असे डॉक्टरांनी सांगितले. शेवटच्या भाषणात लिंकननी हॅनाबाईंच्या उपकारांची आठवण काढली तेव्हा पंचांचे डोळे पाणावले, असेही सांगतात. पंचांच्या मनात कशाचे वजन किती पडले हे तराजूत घालता येत नाही. तरी इतर साऱ्या साक्षी माणसांच्या होत्या आणि घटनेनंतर दिलेल्या होत्या. अल्मनॅक मात्र घटनेच्या आधीच छापलेले होते. ज्याने ते आकडे काढले त्याला डफ ठाऊक नव्हता आणि मेट्झकरही.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. बेरजेचे वर्ष १८५७ नंतर नवव्यांदा २०२५ च्या सुमारास येऊन गेले आणि पुढचे २०४३ च्या आसपास येईल. मधल्या काळात चंद्राची दक्षिणेकडची धाव आधी वर्षागणिक कमी होत जाईल आणि मग पुन्हा वाढत जाईल. दर वर्षी गौरी विसर्जनाच्या रात्री मुलांनी चंद्र मध्यावर आल्याची व मावळल्याची वेळ वहीत टिपावी, आणि कोनमापक, दोरा व ओळंबा वापरून त्याची सर्वांत जास्त उंची मोजावी. आठवीतल्या मुलाने आरंभ केला तर दहावीपर्यंत तीन नोंदी होतील. नंतर वही पुढच्या वर्गाकडे द्यावी. ढगांमुळे एखादे वर्ष हुकेल, भाद्रपदच तो. अशा वेळी पुढच्या महिन्यात चंद्र पुन्हा मूळ नक्षत्री येईल त्या रात्री मोजावे.