धमन्यांच्या वाटेनें मेंदूपर्यंत

रुधिराभिसरणाच्या धड्यांत विद्यार्थी धमन्यांचीं नांवें पाठ करितात. परंतु त्याच धमन्यांच्या वाटेनें वैद्य मेंदूपर्यंत पोहोंचूं शकतो, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. म्हणून हा विषय आम्ही येथें घेतला आहे.

मेंदूच्या धमन्यांत मुख्यतः दोन प्रकारचा बिघाड होतो. कधीं धमनीची दुबळी झालेली भिंत फुग्यासारखी फुगते. तिला अॅन्युरिझम म्हणतात. हा फुगा फुटल्यास मेंदूभोंवतीं रक्तस्राव होतो. कधीं रक्ताची गुठळी अडकून धमनी बंद पडते, व पुढील भाग रक्तावांचून मरूं लागतो.

पूर्वीं फुगा बंद करावयाचा म्हणजे कवटी उघडून त्याच्या मानेस चिमटा लावावा लागे. ती शस्त्रक्रिया आजही करितात. पण दुसरी वाटही सांपडली आहे. १९२७ सालीं लिस्बन येथें डॉ. एगास मोनिझ यांनीं मेंदूच्या धमन्यांचें क्ष-किरणचित्र घेतलें. १९५३ सालीं स्वीडनचे डॉ. सेल्डिंगर यांनीं सुई व तार यांच्या साहाय्यानें धमनींत नळी सरकविण्याची सोपी रीत प्रसिद्ध केली. पुढें १९९० सालीं लॉस एंजलिस येथें डॉ. गुग्लिएल्मी यांनीं अशा नळींतून प्लॅटिनमच्या तारेचें वेटोळें फुग्यांत सोडलें. नळी जांघेंतून किंवा मनगटांतून शिरते. वेटोळें जागीं बसलें म्हणजे विजेच्या सूक्ष्म प्रवाहानें तें सुटें करितात. मग फुग्यांतील रक्त गोठून तो भरून येतो. फुगा फुटलेल्या २१४३ रोग्यांची तुलना २००२ सालीं प्रसिद्ध झाली. वर्षअखेर मृत किंवा परावलंबी झालेल्यांचें प्रमाण शस्त्रक्रियेनंतर शेंकडा सुमारें ३१, तर वेटोळ्यांनंतर २४ होतें.

मोठी धमनी बंद करणारी गुठळीही याच वाटेनें जाळीदार साधन नेऊन ओढून काढितां येते. २०१५ सालच्या प्रयोगांनीं हा उपाय सिद्ध झाला.

परंतु हें सारें कौशल्य रोगी वेळेवर पोहोंचल्यासच उपयोगी. मोठी धमनी बंद असतां दर मिनिटास सुमारें १९ लाख मज्जापेशी नष्ट होतात, असा अंदाज आहे. गुठळी विरघळविणारें औषध सामान्यतः साडेचार तासांच्या आंत द्यावें लागतें. नळीचा उपाय निवडक रोग्यांस २४ तासांपर्यंत करितां येतो. झटका गुठळीचा कीं रक्तस्रावाचा, हें स्कॅनवांचून कळत नाहीं. आणि एकास तारणारें औषध दुसऱ्यास मारक ठरतें.

म्हणून पालकांस आमची विनंती आहे: तोंड एकाएकीं वांकडें झालें, एक हात उचलेना, बोलणें अडखळलें, किंवा पूर्वीं कधीं न झालेली असह्य डोकेदुखी अकस्मात् उठली, तर तेल चोळीत बसूं नये, तोंडांत अन्न, पाणी वा औषध घालूं नये, सकाळची वाट पाहूं नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, व स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयांत तत्काळ न्यावें. विद्यार्थ्यांनींही एक काम करावें: पहिलें चिन्ह किती वाजतां दिसलें, तें लिहून ठेवावें. वैद्य तोच प्रश्न प्रथम विचारील.

दाखल्यांतील चांगला शोमरोनी वाटेंत थांबला तो दुसऱ्याचा जीव वांचविण्यासाठीं. येथें त्याच प्रीतीस्तव आपण क्षणभरही थांबूं नये.