बेटांवरील विजेचे कोठार

धान्य एका हंगामात पिकते आणि बाराही महिने खाल्ले जाते. म्हणूनच कोठाराची गरज निर्माण झाली. सूर्यापासून मिळणाऱ्या विजेचेही तसेच आहे. तिची आवक दिवसा, मागणी मात्र रात्री. या दोहोंचा मेळ घालणारे कोठार म्हणजे बॅटरी. हुबळी-धारवाडच्या बहुतेक दुकानांत इन्व्हर्टर आहे. परंतु या कोठाराचे खरे मोल कळते ते बेटांवर.

मुंबईजवळील घारापुरी बेटास फेब्रुवारी २०१८ मध्ये समुद्रतळातून केबल टाकून वीज मिळाली. तेथे किनारा जवळ होता. आपल्या मंगळूर बंदरातून धान्य व किराणा ज्यांना जातो ती लक्षद्वीपची बेटे मात्र किनाऱ्यापासून दोनशे किलोमीटरहून दूर आहेत. तेथील जनित्रांचे डिझेलही जहाजानेच न्यावे लागते, आणि पावसाळ्यात समुद्र खवळला म्हणजे जहाजांचा भरवसा राहत नाही. यास्तव कवरत्ती येथे १.७ मेगावॉटचा सौर प्रकल्प व त्यास जोडून १.४ मेगावॉट-तासाची बॅटरी उभारण्यात आली. जानेवारी २०२४ मध्ये तिचे उद्घाटन झाले.

या दोन मापांतील भेद व्यापाऱ्याने नीट ध्यानी घ्यावा. मेगावॉट म्हणजे आवक-जावकीचा वेग. मेगावॉट-तास म्हणजे वखारीत मावणारा माल. १.४ मेगावॉट-तास म्हणजे १,४०० युनिट. भर उन्हात तो प्रकल्प एवढी वीज तासाभरात देऊ शकतो. अर्थात हे कोठार बेटास रात्रभर पुरणारे नव्हे. ढग आला असता तूट तत्काळ भरून काढणे व सायंकाळच्या मागणीस हातभार लावणे, हे त्याचे कार्य. त्याने डिझेल वाचते, संपत नाही.

दूरध्वनीच्या मनोऱ्याचा हिशेब याहून सोपा आहे. समजा, यंत्रांचा खप २ किलोवॉट आहे व १२ तास काढावयाचे आहेत. म्हणजे २४ युनिट हवेत. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी केल्यास तिचे आयुष्य घटते, म्हणून ४८ युनिटांची घ्यावी लागेल. लिथियमच्या बॅटरीतून ऐंशी टक्के काढले, तर ३० युनिटांची पुरेल. २०१७ च्या ओखी वादळाने लक्षद्वीपला तडाखा दिला. अशा प्रसंगी मनोरा मुका झाला, तर समुद्रावर गेलेल्या मच्छीमाराची वार्ता आणि आजाऱ्यासाठी मागावयाची मदत, दोन्ही अडतात. तेथे बचतीपेक्षा प्राणांचा प्रश्न मोठा असतो.

धान्याप्रमाणे येथेही तूट धरावी लागते. भरलेली सर्व वीज परत मिळत नाही. लिथियममध्ये शेकडा दहा-पंधरा, तर शिशाच्या बॅटरीत त्याहून अधिक जाते. उष्णतेनेही बॅटरी लवकर जीर्ण होते.

सभासद बंधूंनी दुकानासाठी वा वखारीसाठी बॅटरी घेताना केवळ किंमत पाहू नये. प्रत्यक्ष वापरता येणारे युनिट किती, तूट किती आणि हमी किती वर्षांची, हे लेखी मागावे. ती हवेशीर जागी ठेवावी. आणि जुनी बॅटरी भंगारात न टाकता २०२२ च्या नियमांनुसार नोंदणीकृत व्यवस्थेकडेच द्यावी. कोठार मोठे असून भागत नाही. गरजेच्या वेळी त्यातून माल निघाला पाहिजे, हे आम्हां धान्यवाल्यांना कोणी सांगावयास नको.