आखाड तोंडावर आलाय, गोठ्याकडे बघा

मृगाचा पाऊस झाला की घरातली कर्ती माणसं पेरणीच्या मागे लागतात. म्हातारी माणसं दिंडीबरोबर पंढरीच्या वाटेला लागलेली असतात. दारातल्या चार-पाच शेळ्यांकडे लक्ष ठेवायला उरतात ती शाळेतून आलेली पोरं. नेमक्या याच दिवसांत बोकडाला गिऱ्हाईक वाढतं. श्रावण लागायच्या आत आखाड साजरा करायची घाई असते, गावोगावच्या देवीचे नैवेद्य असतात. बकरी ईद चांद्र महिन्यांवर चालते, म्हणून दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. सध्या ती मे-जूनच्या आसपास येत असल्याने बाजार आधीपासूनच चढलेला असतो. भाव वाढला की चोरांचाही हंगाम सुरू होतो. त्यात रात्री पत्र्यावर पाऊस असा वाजतो की गोठ्यातली धडपड घरात ऐकू येत नाही, आणि वीज तर वाऱ्याच्या पहिल्या झोताला जाते.

गाय-बैल न्यायला टेम्पो लागतो, दोन-तीन माणसं लागतात. पंचवीस-तीस किलोची शेळी एकटा माणूस खांद्यावर टाकतो. मागचं सीट काढलेल्या मोटारीत सात-आठ शेळ्या मावतात, आणि काचा काळ्या असल्या तर रस्त्यावरच्या कुणाला त्या दिसतही नाहीत. भरदिवसा कॅनॉलच्या कडेला बांधलेली शेळी मोटारसायकलवर दोघांच्या मधे दाबून नेतात. उजाडेपर्यंत ती दुसऱ्या जिल्ह्यात असते, आणि तिथे तिला कुणी ओळखत नाही. २०१९च्या पशुगणनेनुसार राज्यात सुमारे १ कोटी ६ लाख शेळ्या आहेत. त्यातल्या बहुतेक मोठ्या फार्मवर नाहीत, पाच-दहाच्या खांडाने शेतमजूर आणि अल्पभूधारकांच्या दारात आहेत. पाचातल्या तीन गेल्या तर त्या घराची खताची उधारी आणि पोरांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च एका रात्रीत गेला.

म्हणून माझं म्हणणं असं, की कुलपाआधी ओळख. कुलूप चोराला थोडा वेळ अडवतं. जनावराची ओळख पक्की असली तर ते विकायला अवघड जातं, आणि सापडलं तर ते तुमचंच आहे हे चार लोकांत सांगता येतं. आपल्याकडे जाळीवर, कॅमेऱ्यावर पैसे जातात आणि त्याच घरात शेळ्यांचा एक धड फोटो नसतो.

बिल्ला, गोंदण, फोटो

पावसाळ्याच्या तोंडावर आंत्रविषाराची लस टोचायला पशुवैद्यकीय दवाखान्याची माणसं येतात, त्याच दिवशी कानात बिल्ले मारून घ्या. बिल्ल्यावरचा बारा अंकी क्रमांक ‘भारत पशुधन’ प्रणालीत मालकाच्या नावावर नोंदला जातो. नोंद तुमच्याच नावावर आणि चालू मोबाइल नंबरवर झाली का, हे तिथेच विचारून घ्या. मारलेला बिल्ला आणि न झालेली नोंद हे प्रकार होतात. बिल्ला नसलेल्या जनावरांची खरेदी-विक्री आणि वाहतूक करू नये, असा राज्य शासनाचा आदेश १ जून २०२४ पासून लागू आहे. आठवडी बाजारात तो किती पाळला जातो हे आपण सगळे बघतोच. पण तुमच्या बाजूने कागद पक्का असावा.

बिल्ल्याची एक अडचण आहे. चोर तो कात्रीने कापतो किंवा सरळ ओढून कान फाडतो. म्हणून दुसरी खूण हवी. कानाच्या आतल्या, केस कमी असलेल्या भागात चिमट्याने गोंदता येतं. उस्मानाबादी शेळीच्या काळ्या कानावर काळी शाई वाचता येत नाही, तिथे हिरवी शाई वापरा. धनगर मेंढपाळ पिढ्यान्‌पिढ्या कानाला ठरावीक कात देऊन आपली मेंढरं ओळखतात. ती पद्धत अजूनही कामाची आहे. मात्र पाऊस सुरू झाल्यावर कान कातरू नका. ओल्या हवेत माश्या बसतात आणि जखमेत अळ्या पडतात. ते काम थंडीत, पशुवैद्यकाकडून करून घ्या. बिल्ल्याचं भोकही पावसाळ्यात आठवडाभर रोज बघत राहा.

फोटो मात्र आजच काढा. प्रत्येक शेळीचे दोन्ही बाजूंनी, समोरून तोंडाचा, कानाचा, शिंगांचा, आणि एक तुम्ही स्वतः तिला धरून घरासमोर उभे असताना. अंगावरचे ठिपके, मोडलेलं शिंग, जुनी जखम, सडावरची गाठ यांचे जवळून घ्या. हे फोटो व्हॉट्सॲपवर घरातल्याच दुसऱ्या माणसाला पाठवून ठेवा, म्हणजे तारीख राहते आणि फोन हरवला तरी फोटो जात नाहीत. हाक मारल्यावर शेळी तुमच्याकडे येते, करडू तिला पितं, असा छोटा व्हिडिओही असू द्या. सोबत साधी शंभर पानी वही: बिल्ल्याचा क्रमांक, रंग, दोन दाती की चार दाती, कधी व्याली, किती करडं, महिन्याचं वजन. वजनाचा रकाना पुढे पोलीस ठाण्यात उपयोगी पडतो, ते खाली सांगतो.

गोठा

गोठ्याचं दार घराच्या दाराकडे तोंड करून असावं. मागच्या बाजूला, उसाच्या किंवा मक्याच्या फडाकडे उघडणारं दार असेल तर ते आजच बंद करा. कुलूप महागाचं घेतात आणि कडी चार स्क्रूंवर बसवतात. चोर कुलपाला हात लावत नाही, पहारीने कडीच उचकटतो. कडी-कोयंडा आरपार नट-बोल्टने बसवा आणि आतून नट वेल्डिंग करून टाका. बिजागऱ्यांच्या पिना बाहेरून ठोकून काढता येतात, त्यांनाही वेल्डिंगचा एक टाका द्या. साधी तारेची जाळी पकडीने दोन मिनिटांत कापली जाते, म्हणून निदान कमरेपर्यंत लोखंडी पट्ट्या किंवा वीटकाम हवं. किल्ली घरात ठरलेल्या खिळ्यावर, सगळ्यांना माहीत असलेल्या जागी ठेवा. आग लागली, साप निघाला किंवा ओढ्याचं पाणी आत आलं, तर दार क्षणात उघडता आलं पाहिजे.

एक इशारा इथे द्यावाच लागेल. चोरीच्या धास्तीने गोठा चारी बाजूंनी पत्र्याने बंद करणारे शेळीपालक दरवर्षी दिसतात. आत लघवीची वाफ कोंडते, सकाळी दार उघडलं की डोळे झोंबतात, आणि पंधरा दिवसांत शेळ्या खोकू लागतात. बंद गोठ्यात न्यूमोनियाने होणारं नुकसान एखाद्या चोरीपेक्षा जास्त असू शकतं. वरचा भाग हवेला मोकळा राहू द्या आणि त्याला मजबूत जाळी मारा. जुन्नर, आंबेगाव, संगमनेर या भागांत बिबट्यासाठी छतालगत जाळी लागतेच. तीच चोरालाही अडवते.

हालचाल झाली की पेटणारा सौर दिवा स्वस्तात मिळतो. तो गोठ्याच्या आत लावू नका, दाराकडे येणाऱ्या वाटेवर लावा. कॅमेरा घेणार असाल तर पहिला कॅमेरा रस्त्याकडे लावा. गोठ्यातल्या कॅमेऱ्यात टापसं बांधलेला एक माणूस दिसतो, त्याचा तपासाला फारसा उपयोग नसतो. गाडीचा नंबर दिसला तर होतो. पैसे नसतील तर खांडातल्या दोन शेळ्यांच्या गळ्यात घंटा बांधा. कुत्रं दाराजवळ ठेवा आणि अनोळखी माणसाच्या हातचं न खाण्याची त्याला सवय लावा, कारण पहिला घास त्यालाच टाकला जातो.

कुंपणात घरची वीज सोडायचा विचारही करू नका. रानडुकरांसाठी सोडलेल्या तारांनी शेजारचा शेतकरी, घरचाच पोरगा मेल्याच्या घटना आपण वाचतो. अशा मृत्यूत तार लावणाऱ्यावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होतो. सौर झटका यंत्राची गोष्ट वेगळी, त्याचा झटका क्षणभराचा आणि जीव न घेणारा असतो. पण तेही प्रमाणित कंपनीचं घ्या आणि फलक लावा.

गिऱ्हाईक की टेहळणी

बऱ्याच चोऱ्यांत आधी कुणीतरी गोठा बघून गेलेलं असतं. ‘बोकड विकायचाय का’ म्हणून येतो, व्हिडिओ काढतो, भाव न ठरवता जातो. असा माणूस खराही असू शकतो, म्हणून त्याला हाकलू नका. जनावर बाहेर अंगणात आणून दाखवा, गोठ्यात नेऊ नका, आणि त्याच्या गाडीचा नंबर वहीत लिहा. तरण्या पोरांना बोकडाचे फोटो स्टेटसला टाकायची हौस असते. त्यात गावाचं नाव आणि गोठ्याचं दार दिसणार नाही एवढं बघा. संध्याकाळची मोजणी एकाच माणसाने रोज करावी. ‘मला वाटलं तू मोजल्यास’ यात अख्खी रात्र जाते.

वस्तीवर चार घरं मिळून रात्रीच्या पाळ्या लावणं सगळ्यांत उपयोगाचं. पुणे, नाशिक, अहिल्यानगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत ग्राम सुरक्षा यंत्रणा आहे. एका फोनवर गावातल्या नोंदलेल्या सगळ्या मोबाइलवर सूचना जाते. तुमचा नंबर त्यात आहे का, हे पोलीस पाटलांना विचारा. पण गस्तीला निघताना एक गोष्ट मनात पक्की ठेवा. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने भिक्षेकरी समाजाच्या पाच निरपराध माणसांना ठार मारलं. एप्रिल २०२० मध्ये पालघरच्या गडचिंचले इथे चोरांच्या अफवेतून तिघांचा जीव गेला. संशयित सापडला तर त्याला अडवून ठेवा, ११२ला फोन करा, हात उचलू नका. शेळ्या राखणाऱ्या बायांनी तर दिवसा चोर समोर आला तरी अंगावर जाऊ नये. ओरडावं आणि गाडीचा नंबर लक्षात ठेवावा.

विमा आहे म्हणून निर्धास्त राहू नका

शेळ्यांचा विमा मृत्यूसाठी असतो. नेहमीच्या पशुविमा पॉलिसीत चोरी आणि जनावर बेपत्ता होणं वगळलेलं असतं. शिवाय बिल्ला नसेल तर मृत्यूचाही दावा नामंजूर होतो. पॉलिसीच्या मागच्या बारीक छपाईतला वगळलेल्या बाबींचा भाग एकदा कुणाकडून तरी वाचून घ्या.

गेलीच तर

सकाळी गोठा रिकामा दिसला की आधी दाव्याचं टोक बघा. धारदार कापलेलं दावं माणसाचं काम सांगतं. रक्त, केस, फरफटल्याची खूण बिबट्याचं किंवा लांडग्याचं. वन्यप्राणी असेल तर वनखात्याचा पंचनामा आणि भरपाई मिळते, त्यामुळे हा फरक पहिल्या पाच मिनिटांत कळायला हवा. दोन्ही वेळी माणसांना गोठ्यात फिरू देऊ नका, ठसे पुसले जातात. ११२ला फोन, गावाच्या आणि शेजारच्या गावांच्या ग्रुपवर फोटो, आणि पुढच्या तीन दिवसांत जवळपास कुठले बाजार आहेत त्याची यादी. चाकणचा शनिवार, सांगोल्याचा रविवार असे वार आपल्याला पाठ असतात. बाजारात पोलिसांना सांगून जा, आणि शेळी दिसली तरी तिथे भांडण न करता आधी फोन लावा.

आता वजनाच्या रकान्याची गोष्ट. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. चोरीचं कलम ३०३. त्यात चोरलेल्या मालाची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल तर गुन्हा अदखलपात्र ठरतो. म्हणजे पोलीस दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत, आणि तुमच्या हातात नुसती एनसीची पावती येते. समजा जिवंत वजनाला किलोमागे ४०० रुपये भाव आहे आणि बारा किलोचं करडू गेलं, तर किंमत ४,८०० होते आणि प्रकरण तिथेच थांबतं. तेरा किलोच्या करडाला ५,२०० होतात. खोटं वजन सांगायचं नाही, पण अंदाजाने ‘असेल तीन-चार हजाराचं’ असंही म्हणायचं नाही. वहीतलं वजन, बाजारातला चालू भाव, गाभण असेल तर तसं, पैदाशीचा बोकड असेल तर खरेदीची पावती, हे सगळं फिर्यादीत लिहायला सांगा. एका रात्री चार जनावरं गेली असतील तर चारींची किंमत एकत्र लिहिली गेली का, ते सही करण्याआधी वाचा.

‘अर्ज देऊन जा, बघू’ यावर परत येऊ नका. गुन्हा नोंदवून पहिल्या खबरीची प्रत मागा, ती फुकट मिळते. ठाण्यात घेतलंच नाही तर तीच तक्रार लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवता येते. वाडा घेऊन गावोगाव फिरणाऱ्या मेंढपाळांना हद्दीचं कारण सांगून परत पाठवतात. त्यांनी लक्षात ठेवावं, की कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो, मग ते ठाणं तो योग्य हद्दीत पाठवतं.

शेळ्या सापडल्या की त्या मुद्देमाल ठरतात. ठाण्याच्या आवारात त्यांना चारा-पाणी कोण करणार, म्हणून लगेच न्यायालयात अर्ज करून सुपूर्तनाम्यावर ताब्यात घ्या. मालकीचा पुरावा तिथेच मागतात, आणि फोटो, बिल्ल्याची नोंद, वही यांचं काम तिथेच पडतं.

विकत घेतानाही हीच दृष्टी ठेवा. ताजा फाटलेला कान, बाजारभावापेक्षा फार कमी किंमत, किती वेत झाले ते सांगता न येणारा विकणारा, यातलं काही दिसलं तर हात आखडता घ्या. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसं मानायला कारण असून घेतला, तर घेणाराही कलम ३१७ खाली गुन्हेगार होतो. बाजार समितीची पावती विकणाऱ्याच्या नावासह जपून ठेवा.

परत मिळालेली शेळी आनंदाच्या भरात थेट खांडात सोडू नका. ती अनोळखी जनावरांत, गाडीत दाटीवाटीने, कदाचित बाजारात राहून आलेली असते. पीपीआर, लाळ्या-खुरकूत ती बरोबर आणू शकते. तीन आठवडे वेगळ्या जागी बांधा, तिची घमेली-बादली वेगळी ठेवा, आणि घरच्या शेळ्यांचं सगळं आटोपल्यावर शेवटी तिच्याकडे जा. गाभण असेल तर पशुवैद्यकाला पहिल्याच दिवशी दाखवा.