शाळेंतील श्रेयांक व पदवी

शाळेंत असतांनाच महाविद्यालयाच्या अभ्यासाचा कांहीं भाग पुरा करून ठेवितां येईल काय, असा प्रश्न अलीकडे वरच्या इयत्तांतील पुष्कळ विद्यार्थी व त्यांचे पालक विचारूं लागले आहेत. त्याचा येथें थोडक्यांत विचार करूं.

प्रथम श्रेयांक म्हणजे काय तें पाहूं. केंद्र सरकारनें २०२३ सालीं राष्ट्रीय श्रेयांक आराखडा जाहीर केला. त्यांत ३० तासांच्या अध्ययनास १ श्रेयांक व वर्षाच्या १२०० तासांस ४० श्रेयांक असें मान ठरविलें आहे. घरचा अभ्यास, प्रयोग व प्रकल्प हींहि या तासांत येतात. मात्र मूल्यमापन झाल्यावांचून श्रेयांक पदरांत पडत नाहीं.

दुसरी गोष्ट पायऱ्यांची. त्याच आराखड्यांत दहावीची पायरी ३, बारावीची ४ व पदवीच्या पहिल्या वर्षाची ४.५ अशी लाविली आहे. महाराष्ट्रांत अकरावी-बारावीस आपण कनिष्ठ महाविद्यालय म्हणतों. म्हणून मूल कॉलेजांत गेलें असें घरीं वाटतें. परंतु नांव महाविद्यालयाचें असलें तरी पायरी शाळेचीच आहे. तेथील श्रेयांकांनीं पदवीचें वर्ष कमी होत नाहीं. पूर्वींहि असेंच होतें. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें व त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ सालीं झाली. परीक्षा घेणारें विद्यापीठच. तरी उत्तीर्ण विद्यार्थ्यास प्रवेशाचा अधिकार मिळे, पदवीचा अंश मिळत नसे. न्यायमूर्ति रानडे याच दारानें आंत गेले.

मग मार्ग मुळींच नाहीं काय? अमेरिकेंत ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ नांवाच्या परीक्षा शाळेंतील मुलें मे महिन्यांत देतात व त्यांस १ ते ५ असे गुण मिळतात. त्यांवरून श्रेयांक द्यावयाचा कीं नाहीं, हें तेथें बहुधा महाविद्यालय स्वतः ठरवितें. आपल्याकडे २०१७ सालीं सुरू झालेल्या ‘स्वयम्’वर नववीपासून पदव्युत्तर वर्गांपर्यंतचे पाठ आहेत. शिकण्यास पैसे पडत नाहींत. प्रमाणपत्राच्या परीक्षेस शुल्क असतें. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांप्रमाणें एका सत्रांतील ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम्’वरून घेण्याची परवानगी महाविद्यालयास देतां येते, परंतु ही सोय प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांसाठीं आहे.

सारांश, श्रेयांक देणारा कोणीहि असो, तो मानणारें महाविद्यालयच होय. आपल्या भिवंडींत मागावर सूत चढविण्यापूर्वीं गिऱ्हाईकास कोणत्या पन्ह्याचें कापड हवें तें विचारून घेतात. कापड विणून झाल्यावर पन्हा बदलतां येत नाहीं. त्याचप्रमाणें कोणी श्रेयांकांचें नांव सांगून शुल्क मागूं लागल्यास पालकांनीं आधीं तीन गोष्टी विचाराव्या: परीक्षा कोण घेणार, श्रेयांक किती व कोणत्या पायरीचे, आणि आपण जेथें जाणार तें महाविद्यालय ते मानणार काय? तिसऱ्याचें उत्तर लेखी घ्यावें. तें न मिळाल्यास पैसे देऊं नयेत. विषयाची गोडी असेल तर मात्र तो विनामूल्य पाठांवरून अवश्य शिकावा. श्रेयांक मिळाला नाहीं तरी पुढें पहिल्या वर्षाचा अभ्यास त्यामुळें खचित सुगम होईल.