दुचाकीचा साज : घेण्याजोगा आणि टाळण्याजोगा

वडोदऱ्यातील आपल्या मराठी घरांमध्ये नवी दुचाकी आली की तिला हार घालतात, नारळ वाढवतात आणि शेजारीपाजारी पेढे वाटतात. त्यानंतर सुरू होते तिच्या साजाची खरेदी. सीट कव्हर, लेग गार्ड, मोबाईलचा स्टँड, रंगीत दिवे, कर्कश हॉर्न आणि लहान मूल असेल तर पुढे बसवायची छोटी खुर्ची! या यादीत हेल्मेट असते, पण बहुधा एकच आणि तेही चालकापुरते. मागे बसणाऱ्या पत्नीसाठी किंवा मधे कोंबलेल्या मुलासाठी हेल्मेट घेणारे कुटुंब विरळाच.

बालरोगतज्ज्ञाने दुचाकीच्या साहित्याविषयी का लिहावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. उत्तर सोपे आहे. आपल्याकडे मूल जन्मल्यावर काही महिन्यांतच त्याचा दुचाकीप्रवास सुरू होतो, आणि लसीकरणासाठी ते दवाखान्यात येते तेही पुष्कळदा दुचाकीवरूनच. म्हणून कोणती वस्तू खरोखर जीव वाचवते, कोणती केवळ शोभेची आणि कोणती चक्क घातक, याचा वैद्यकीय दृष्टीने विचार करण्याचा हा प्रयत्न आहे.

१. हेल्मेट : एका शल्यविशारदाची देणगी

‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून प्रसिद्ध असलेले टी. ई. लॉरेन्स १३ मे १९३५ रोजी इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्यात मोटारसायकलवरून जात असता सायकलवरील दोन मुले अकस्मात समोर आली. त्यांना चुकवताना लॉरेन्स फेकले गेले आणि डोक्याच्या दुखापतीने १९ मे रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्यावरील उपचारांत सहभागी असलेले मज्जाशल्यविशारद ह्यू केर्न्स यांनी पुढे या विषयाचा चिकाटीने अभ्यास केला. १९४१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापती आणि हेल्मेटचे महत्त्व यांवर त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने आपल्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. सामान्य नागरिकांसाठी मात्र ब्रिटनमध्ये ही सक्ती यायला १९७३ साल उजाडले.

हेल्मेट काम कसे करते? बाहेरचे कठीण कवच आघात मोठ्या पृष्ठभागावर पसरवते आणि टोकदार वस्तू आत शिरू देत नाही. खरे काम मात्र आतल्या थर्माकोलसारख्या जाड थराचे. आघाताच्या क्षणी तो चेपतो. त्यामुळे डोके थांबायला मिलिसेकंदांचा अधिक अवधी मिळतो आणि मेंदूवर येणारे बल कमी होते. एकदा चेपलेला थर पूर्ववत होत नाही. म्हणून जोराचा आघात सोसलेले हेल्मेट बाहेरून धडधाकट दिसले तरी बदललेच पाहिजे. वापरलेले हेल्मेट स्वस्तात विकत घेऊ नये, तेही याच कारणासाठी.

सन २००८ मधील कॉक्रेन समीक्षेने ६१ अभ्यासांचा एकत्र विचार करून काढलेला निष्कर्ष असा, की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. आपल्या देशाचे चित्र पाहा. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ जण मृत्युमुखी पडले. त्यांपैकी ७४,८९७ दुचाकीवरील होते. त्या वर्षी हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ जणांचा मृत्यू झाला आणि त्यांतील १४,३३७ जण मागे बसलेले होते. मागे बसणाऱ्याला हेल्मेटची गरज नाही, या समजुतीची किंमत या शेवटच्या आकड्यात दिसते.

तेव्हा सर्वांत उत्तम खरेदी कोणती, याविषयी वाद नाही. परंतु सर्वांत वाईट खरेदीही हेल्मेटच असू शकते! रस्त्याच्या कडेला मिळणारी टोपीवजा हेल्मेटे दंड वाचवतात, डोके नव्हे. त्यांच्या आत आघात शोषणारा जाड थरच नसतो. १ जून २०२१ पासून दुचाकीस्वारांच्या हेल्मेटवर आयएस ४१५१ या मानकानुसार आयएसआय चिन्ह असणे बंधनकारक आहे. खरेदी करताना चिन्ह पाहावे, आतला थर बोटाने दाबून पाहावा, आणि हेल्मेट घालून मान हलवावी. हेल्मेटबरोबर कपाळाची त्वचाही सरकली पाहिजे. नुसते हेल्मेटच फिरत असेल तर ते सैल आहे असे समजावे. हनुवटीखालचा पट्टा न लावलेले हेल्मेट पहिल्याच धक्क्यात निघून जाते.

२. मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे

हे वाक्य बालरोगशास्त्राच्या पहिल्या धड्यात येते आणि ते इथेही लागू पडते. नवजात बालकाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या सुमारे एक चतुर्थांश असते, तर प्रौढाचे सुमारे एक अष्टमांश. डोके जड आणि मानेचे स्नायू दुबळे, त्यामुळे फेकले गेलेले बालक बहुधा डोक्यावरच आपटते. अशा मुलाला वडिलांचे हेल्मेट घालणे निरर्थक आहे. ते डोळ्यांवर येते, गरकन फिरते आणि त्याचे वजन कोवळ्या मानेवर पडते.

आपला कायदा याबाबत स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ मधील दुरुस्तीनुसार चार वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीला दुचाकीवर हेल्मेट आवश्यक आहे. चार वर्षांखालील मुलांसाठीचे नियम १५ फेब्रुवारी २०२२ रोजी अधिसूचित झाले आणि वर्षभरानंतर लागू झाले. त्यानुसार नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला त्याच्या डोक्याला बसणारे हेल्मेट किंवा मानकानुसार बनवलेले सायकलचे हेल्मेट हवे. मुलाला चालकाशी जोडणारा सुरक्षा पट्टा, म्हणजे हार्नेस, हवा आणि वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा अधिक नसावा. हार्नेस म्हणजे मुलाने घालायचे जाकीट आणि त्याला जोडलेले, चालकाच्या खांद्यांवरून जाणारे पट्टे. तो वजनाला हलका, कमीजास्त करता येणारा, पाण्याने खराब न होणारा आणि ३० किलोपर्यंतचा भार पेलणारा असावा, असे नियम सांगतो.

हार्नेसची मर्यादाही लक्षात घ्यावी. पेंगुळलेले मूल घसरून पडू नये, यासाठी तो उत्तम आहे. समोरासमोरच्या टकरीत तो चमत्कार करणार नाही. ओढणीने मुलाला पाठीशी बांधणे हा त्याला पर्याय नव्हे, कारण गाठ सुटते किंवा आवळते. नऊ महिन्यांखालील बालकाची मान हेल्मेट पेलण्याइतकी भक्कम नसते. अशा बालकाला दुचाकीवर नेऊच नये. रिक्षाचे भाडे थोडे जड वाटले तरी तो खर्च बाळाच्या औषधपाण्याइतकाच आवश्यक मानावा.

३. पुढची छोटी खुर्ची

स्कूटरच्या पायठेवणीवर बसवायची छोटी खुर्ची ही माझ्या मते सर्वांत घातक खरेदी आहे. तीत बसलेल्या किंवा पुढे उभ्या केलेल्या मुलाची छाती, हनुवटी आणि पोट हँडलच्या समोर येते. करकचून ब्रेक दाबताच मूल हँडलवर आदळते आणि त्याच्या मागून चालकाचे वजन येते. हँडलचे टोक पोटात घुसल्यास बाहेर जेमतेम एक निळसर वळ दिसतो, परंतु आत लहान आतड्याला किंवा स्वादुपिंडाला इजा झालेली असू शकते. म्हणून हँडल लागल्यानंतर मुलाला उलट्या होत असतील किंवा पोटदुखी थांबत नसेल, तर ‘काही दिसत नाही’ म्हणून घरी थांबू नये.

४. स्वस्त पण मोलाच्या वस्तू

मागच्या चाकावरील साडी गार्ड अनेक तरुण ‘गाडी बेढब दिसते’ म्हणून काढून टाकतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ व्या नियमानुसार मागे बसणाऱ्यासाठी धरायची मूठ, पाय ठेवण्याची जागा आणि मागच्या चाकाचा किमान निम्मा भाग झाकणारे आवरण आवश्यक आहे. साडी, नवरात्रातील चणियाचोळी आणि गळ्यातील ओढणी यांचा चाकाशी वैरभाव आहे. १९२७ मध्ये नृत्यांगना इसाडोरा डंकन यांचा अंत गळ्यातील लांब स्कार्फ मोटारीच्या चाकात गुंतूनच झाला होता.

मुलांच्या बाबतीत हेच आवरण टाच वाचवते. लोंबता पाय आऱ्यांत जाऊन होणारी जखम फसवी असते. पहिल्या दिवशी ती खरचटल्यासारखी वाटते. पण त्वचा आतून चिरडलेली असल्याने दोन-चार दिवसांत टाचेवरची कातडी काळी पडू लागते. अशी टाच टाके घालून विसरून जाण्याची नसते. ती पुन्हा पुन्हा तपासावी लागते.

सायलेन्सरवरील उष्णतारोधक जाळीही अशीच बिनमहत्त्वाची वाटणारी वस्तू आहे. आपल्याकडील बहुतेक मोटारसायकलींचा सायलेन्सर उजवीकडे असतो, म्हणून मुलाला डाव्या बाजूने चढवावे व उतरवावे. भाजलेच तर वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे पाय धरावा. टूथपेस्ट, हळद किंवा बर्फ लावू नये.

५. उत्तरायणाची सळई

आपल्या गुजरातमध्ये मकरसंक्रांतीच्या सुमारास दुचाकीच्या हँडलवर कमानीसारखी वाकवलेली सळई दिसू लागते. आडव्या आलेल्या मांज्याने गळा चिरला जाऊ नये, हा तिचा हेतू आहे. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने ११ जुलै २०१७ रोजी बंदी घातली, तरीही दर जानेवारीत हा धोका उरतोच. ही सळई अवश्य घ्यावी. मात्र ती चालकाच्या गळ्यापेक्षा उंच असावी आणि घट्ट बसवलेली असावी. गळ्याभोवती जाड कापडाचा पट्टा किंवा टोके आत खोचलेला रुमाल असावा आणि वेग कमी ठेवावा. त्या दिवसांत मुलाला पुढे उभे करणे म्हणजे मांज्याच्या वाटेत प्रथम त्याचाच चेहरा आणणे होय.

६. लेग गार्ड, जाकीट आणि रंग

अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या पथकाने लॉस एंजेलिस परिसरातील नऊशेंहून अधिक मोटारसायकल अपघातांची घटनास्थळी पाहणी करून १९८१ मध्ये अहवाल दिला. त्यात लेग गार्डविषयी स्पष्ट निष्कर्ष आहे. त्यामुळे घोटा आणि पाऊल यांच्या जखमा जितक्या कमी होतात, तितक्याच गुडघा, पोटरी आणि मांडी यांच्या वाढतात. तात्पर्य, लेग गार्ड गाडीचा रंग वाचवतो. पायाचा भरवसा त्यावर ठेवू नये.

जाकिटाची गोष्ट अधिक विचारपूर्वक पाहावी लागते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील अभ्यासात अपघातग्रस्त २१२ स्वारांची पाहणी झाली. मोटारसायकलसाठीचे जाकीट, पँट आणि हातमोजे वापरणाऱ्यांना रुग्णालयात दाखल होण्याची वेळ कमी आली. परंतु त्यांतील पाव हिश्शाहून अधिक वस्तू अपघातात फाटल्या वा उसवल्या! हाडे मोडण्याचा धोका मात्र या साहित्याने लक्षणीयरीत्या कमी झालेला आढळला नाही. म्हणजे चांगले कपडे त्वचा वाचवतात, पण बेफाम वेगाचा परवाना देत नाहीत. महागडे जाकीट घ्यायचेच असेल तर नाव न पाहता आतील कोपर-खांद्याच्या पॅडवर ईएन १६२१ हे युरोपीय मानक छापले आहे का, ते पाहावे. नुसता स्पंजचा तुकडा म्हणजे संरक्षण नव्हे. साध्या चपलेऐवजी पाऊल झाकणारा बूट घालणे तर कोणालाही शक्य आहे.

सर्वांत स्वस्त संरक्षण रंगाचे आहे. न्यूझीलंडमधील ऑकलंडच्या अभ्यासात, जो २००४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला, प्रकाश परावर्तित करणारे किंवा झगझगीत कपडे घालणाऱ्यांना अपघाती दुखापतीचा धोका ३७ टक्क्यांनी कमी आढळला. काळ्या हेल्मेटच्या तुलनेत पांढऱ्या हेल्मेटने तो २४ टक्क्यांनी कमी दिसला. आपल्याकडे मात्र दुकानात सर्वाधिक मागणी काळ्या हेल्मेटलाच! मुलाच्या दप्तरावर आणि हेल्मेटच्या मागे चमकणारी पट्टी चिकटवायला फारसा खर्च येत नाही.

७. आपले कर्तव्य

वैद्यक व्यवसायातील माझ्या बंधुभगिनींना एक नम्र सूचना करावीशी वाटते. मूल नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लसीसाठी येते. नियमानुसार हेल्मेटचे वयही तेव्हाच सुरू होते. त्या दिवशी वजन आणि डोक्याचा घेर मोजताना पालकांना एकच प्रश्न विचारावा : “बाळाला कसे आणलेत?” उत्तर ‘दुचाकीवरून’ असे आले तर डोक्याचा घेर सेंटिमीटरमध्ये कागदावर लिहून द्यावा. हेल्मेट निवडताना तोच आकडा उपयोगी पडतो. पुढे मूल वाढेल तसा हा आकडा बदलून द्यावा आणि चार-पाच वर्षांच्या तपासणीत हाच प्रश्न पुन्हा विचारावा. दुचाकीवर चालकाखेरीज एकच व्यक्ती, हा कायद्याचा दंडकही सौम्य शब्दांत सांगावा. आई-वडील आणि दोन मुले असे चौघे एका गाडीवर निघाले की वर सांगितलेला कोणताच साज पुरा पडत नाही.

पालकांना सांगणे एवढेच, की मुले आपल्या शब्दांपेक्षा आपल्या वागण्याचे अनुकरण करतात. वडील हेल्मेट कोपरात अडकवून गाडी चालवत असतील तर मुलाच्या डोक्यावर ते टिकणार नाही. यंदाच्या दसऱ्याला किंवा पाडव्याला नवी दुचाकी घरी आणणाऱ्या कुटुंबांनी हाराबरोबरच घरातल्या प्रत्येक डोक्याच्या मापाचे हेल्मेट घेतले, तर या लेखाचे सार्थक झाले असे मी समजेन.