आरोग्य संदेश : अंगदुखीची गोळी, ज्येष्ठमध आणि पोटाचं अस्तर



सोयाबीन निघालं, कापूस वेचणी सुरू आहे. कंबर धरते, हात भरून येतात. मग सकाळी चहावर एक गोळी, दुपारी दुसरी. संध्याकाळी छातीत जळजळ झाली की चमचाभर ज्येष्ठमध. "गोळीचा त्रास चूर्णाने निघतो" असं बरेचजण धरून चालतात. म्हणून आजची माहिती.

*गोळी काय करते?*
शेततळ्याला जसं अस्तर, तसं जठरालाही असतं. त्यावरचा बुळबुळीत थर आतल्या आम्लापासून जठर वाचवतो. हा थर शरीर सतत नव्याने बनवतं. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन या गोळ्या दुखणं कमी करतात, पण थर बनण्याचं कामही मंदावतात. मग आम्ल थेट लागतं, जखम होते. तोच अल्सर. जेवून गोळी घेतली किंवा इंजेक्शन घेतलं तरी धोका पूर्ण जात नाही. औषध रक्तातून जठरापर्यंत पोचतंच.

*ज्येष्ठमध काय करतं?*
गुण खरा आहे. १९४६ साली नेदरलँड्समधल्या रेव्हर्स या डॉक्टरांनी ज्येष्ठमधाच्या अर्काने अल्सरला उतार पडतो असं नोंदवलं. पण काही रुग्णांच्या अंगावर सूजही आली. कारण त्यातला गोड घटक, ग्लिसरायझिन, शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतो, रक्तदाब वाढवतो आणि पोटॅशियम कमी करतो. त्यापासून पुढे इंग्लंडमध्ये अल्सरचं औषध बनलं, त्यातही हाच दोष राहिला.

*लक्षात ठेवा*
१) चूर्ण घेतो म्हणून गोळ्या वाढवू नका. रोज गोळी लागत असेल तर डॉक्टरांना दाखवा.
२) बीपी, हृदय किंवा किडनीचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायांनी ज्येष्ठमध स्वतःच्या मनाने घेऊ नये. बाकीच्यांनीही रोज, महिनोन् महिने घेऊ नये.
३) हृदयासाठी डॉक्टरांनी ॲस्पिरिन दिली असेल तर न विचारता बंद करू नका.
४) बांधावरच्या गुंजेचा पाला गोड लागतो म्हणून तिचं मूळ ज्येष्ठमध समजून वापरू नका. गुंजेच्या बिया अतिशय विषारी असतात.
५) बरेच अल्सर जठरातल्या हेलिकोबॅक्टर जंतूमुळे होतात. ते चूर्णाने बरे होतील या भरवशावर राहू नका. तपासणी करून औषधाचा कोर्स पूर्ण करावा लागतो.

*थांबू नका, दवाखान्यात जा*
डांबरासारखी काळी शी, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखा रंग, अचानक असह्य पोटदुखी, चक्कर. वेचणी उद्या होईल.

घरात ज्यांना वाचता येत नाही त्यांना हा संदेश वाचून दाखवा. मजूर बायांनाही सांगा.

आपली शेतकरी उत्पादक कंपनी