ओंडके फोडण्याच्या यंत्राचा वेग

तेलाच्या दाबावर चालणाऱ्या लाकूडफोड यंत्राची पाचर सावकाश सरकते, म्हणून काही जण दाबाची झडप आवळतात. हे धोक्याचे आहे. दाबाने जोर वाढतो, वेग नव्हे. नळी फुटल्यास तप्त तेल अंगावर येते. वेग ठरतो तो मिनिटास किती तेल येते यावर. १० सेंटिमीटर आतील व्यासाच्या सिलिंडरात मिनिटास ४० लिटर तेल गेल्यास दट्ट्या ६० सेंटिमीटर अंतर सुमारे ७ सेकंदांत कापतो. त्याच इंजिनावर दोन टप्प्यांचा पंप बसविणे उत्तम : पाचर अडेपर्यंत तो भरपूर तेल देतो, अडल्यावर थोडे, परंतु अधिक दाबाचे. परतताना पंप देतो त्याहून अधिक तेल टाकीकडे वाहते. यास्तव परतीची नळी रुंद असावी. बिनखर्ची उपाय मात्र एकच. ओंडके आखूड असतील तर पाचर पूर्ण मागे नेऊच नये.